वाचकांचे प्रश्न : एअर फिल्टर बदलला, आता कार्बोरेटरचं काय?

प्रश्न : माझ्याकडे १९७८ची यामाहा एक्सएस ६५० आहे. एअरबॉक्सला (एअर फिल्टरच्या डब्याला) तडा गेला, म्हणून तो काढून दोन्ही कार्बोरेटरना सुटे, शंकूच्या आकाराचे फिल्टर लावले. तेव्हापासून चोकवर गाडी बरी चालते, पण चोक बंद केला की अर्ध्या ॲक्सिलरेटरला अडखळते आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फटफट आवाज येतो. मिश्रणाचे स्क्रू फिरवून पाहिले, फरक पडला नाही. मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) बदलू का?

उत्तर : चोकवर बरी चालते असं तुम्ही लिहिलंत, त्यातच बरंचसं निदान आलं. चोक म्हणजे जादा पेट्रोल. ते मिळताच इंजिन सुधारत असेल, तर मिश्रण लीन झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. उलट पेट्रोल जास्त झालं तर त्याला रिच म्हणतात.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फ्लोट चेंबरमधल्या (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीतल्या) पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि कार्बोरेटरच्या गळ्यात तो कमी असतो. या दोन दाबांतल्या फरकामुळेच पेट्रोल जेटमधून वर चढतं. एअरबॉक्सचं अरुंद तोंड आणि मूळ फिल्टर हवेला थोडं अडवतात, त्यामुळे गळ्यातला दाब आणखी उतरतो. कारखान्यात जेट निवडले ते हा अडथळा धरूनच. तुम्ही तो काढलात, ओढ कमी झाली, पेट्रोल कमी पडू लागलं.

तरीही जेटला हात लावण्याआधी फिल्टर उतरवून कार्बोरेटरचं तोंड नीट बघा. तुमचे मिकुनी कार्बोरेटर सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) प्रकारचे आहेत. त्यांची स्लाइड, म्हणजे गळ्यातली वाट कमीजास्त करणारा सरकता दट्ट्या, केबलने उचलली जात नाही, डायफ्रामच्या (पातळ रबरी पडद्याच्या) दोन बाजूंच्या दाबातल्या फरकाने उचलली जाते. डायफ्रामखालच्या बाजूला हवा पोचवणारी वाट या तोंडातूनच जाते. बऱ्याच सुट्या फिल्टरच्या रबराला आतून जाड ओठ असतो, तो नेमका या वाटेवर बसतो. मग स्लाइड अर्धवट उचलते आणि माणूस जेटवर जेट बदलत राहतो. ओठ आड येत असेल तर दुसरे फिल्टर घ्या. त्याच बैठकीत डायफ्राम उजेडासमोर धरून भोकं तपासा आणि सिलिंडरकडचे रबरी जोड चिरलेले नाहीत ना, तेही पाहा. तिथून हवा शिरत असली तरी लक्षणं हीच दिसतात. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स आणि इग्निशनचं टायमिंग बरोबर असल्याशिवाय तर ट्यूनिंगला बसूच नये.

आता तुमचा स्क्रू. तो आयडलिंग आणि साधारण एक अष्टमांश ॲक्सिलरेटरपर्यंतच बोलतो. पाव ते पाऊण या टप्प्यात स्लाइडला लटकलेल्या, जेटमध्ये वरखाली होणाऱ्या सुईची सत्ता, त्यापुढे मेन जेटची. म्हणून अर्ध्यावरचा आजार स्क्रूने बरा होणार नव्हताच. मुठीवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. अडखळणं नेमकं कुठे होतं ते कानाने ठरवणं फसवं असतं. सीव्हीमध्ये मूठ झटकन पिळली तरी स्लाइड सावकाश वर येते, म्हणून प्रत्येक खुणेवर ॲक्सिलरेटर क्षणभर स्थिर धरून मगच मत बनवा.

आजार मधल्या टप्प्यात असला तरी सुरुवात मेन जेटपासून करा, कारण त्याचा परिणाम सुईच्या टप्प्यातही उतरतो. एक माप मोठा जेट घाला, दोन्ही कार्बोरेटरना सारखाच. नवे प्लग लावा, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर थोडा वेळ धरा, मग इंजिन बंद करणं आणि क्लच दाबणं एकदमच. प्लग काढून बघा. शिशाविना पेट्रोल टोकावर फार रंग चढवत नाही, म्हणून पोर्सेलिनच्या मुळाशी, खोलवर बघायचं. तिथे फिकट तपकिरी कडं हवं. पांढराफटक म्हणजे अजून लीन, काळी काजळी म्हणजे रिच. हे जुळेपर्यंत लांबच्या प्रवासाला गाडी काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. पूर्ण ॲक्सिलरेटरवर लीन चाललेलं इंजिन तापतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. शंका असेल तेव्हा किंचित रिच बाजूला राहा.

मग सुई. तिची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलते आणि मिश्रण रिच होतं. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. शेवटी इंजिन पुरतं गरम असताना मिश्रणाचे स्क्रू. तुमच्या गाडीत ते इंजिनच्या बाजूला आहेत, बाहेर फिरवले की रिच. सगळं झाल्यावर व्हॅक्यूम गेजने दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवा आणि आयडलिंग मिनिटाला सुमारे १२०० फेऱ्यांवर आणा.

एक मात्र मनापासून सांगतो. तडा सांधता येत असेल किंवा जुना एअरबॉक्स मिळत असेल, तर तोच परत बसवा. सीव्ही कार्बोरेटरला शांत, स्थिर हवा लागते आणि ती एअरबॉक्सच देतो. सुट्या फिल्टरवर आडव्या वाऱ्यातही मिश्रण हलतं.

प्रश्न : मूळ एअरबॉक्स तसाच ठेवून फक्त कागदी फिल्टरऐवजी तेल लावायचा फोमचा फिल्टर घातला, तर जेट बदलावे लागतील का?

उत्तर : सहसा नाही. अडथळा मुख्यतः एअरबॉक्सच्या तोंडाचा असतो आणि तो कायम आहे. फोममधलं जास्तीचं तेल दाबून काढा, पिळू नका, फोम फाटतो. ओथंबलेल्या फिल्टरने हवा अडते आणि गाडी रिच चालते. बसवल्यावर एकदा प्लग बघा, रंग पूर्वीसारखाच असेल तर काहीही बदलायचं नाही.