कोळशावरचे वडील, ऊर्जा धोरण शिकणारी लेक

प्रश्न : मी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात २६ वर्षं बॉयलरवर आहे, युनियनचा जुना सभासद. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे ऊर्जा धोरण शिकायचं म्हणते. 'म्हणजे आमच्याच पोटावर पाय देणार,' असं मी बोलून गेलो. तेव्हापासून घरात अबोला आहे. या क्षेत्रात नोकरी आहे का?

उत्तर : नमस्कार. आधी अबोला तुम्हीच सोडा. तुमची भीती खरी आहे. तुमच्याकडचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झालेच. कोळशाच्या जागी येणाऱ्या सौर प्रकल्पात उभारणी संपली की माणसं थोडी लागतात, तीही बहुतेक कंत्राटी. पण चंद्रपूरच्या धुरात ती लहानाची मोठी झाली, हेही तितकंच खरं.

जर्मनीत कोळसा कधी सोडायचा हे ठरवणाऱ्या आयोगात कामगार संघटनांचे प्रतिनिधी होते. २०३८ ही अंतिम मुदत ठरली. २०२० च्या कायद्यांत कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद झाली, वयस्क कामगारांना निवृत्तिवेतन लागेपर्यंत भत्ता मिळाला. संघटनांनी तो भांडून पदरात पाडून घेतला. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये खासगी समांतर वीज वितरणाविरुद्ध, म्हणजे महावितरणच्याच भागात खासगी कंपनीलाही वीज विकू देण्याविरुद्ध, राज्याच्या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले आणि त्याच दिवशी सरकारला चर्चेला बसावं लागलं. सौरऊर्जेची मालकी कुणाची, त्यात पक्की नोकरी कुणाला, हेही असंच ठासून विचारायला हवं. त्यासाठी युनियनला आकडे वाचणारी माणसं लागतील.

म्हणून माझा सल्ला : नुसतं पर्यावरण नको, जोडीला कामगार कायदा हवा. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत श्रमशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तीन वर्षांचं एलएल.बी. हाही चांगला रस्ता. नोकऱ्या मोजक्या आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा, हे तिला स्पष्ट सांगा. पुण्याच्या 'प्रयास'च्या ऊर्जा गटासारख्या अभ्यास संस्था, वीज कंपन्या, वकिली, असं काम मिळू शकतं.

प्रवेशाआधी दोघांनी मिळून एक करा. विजेचे दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढची महानिर्मितीची, म्हणजे तुमचं केंद्र चालवणाऱ्या सरकारी कंपनीची, दरवाढीची याचिका वाचायला घ्या. कोळशाच्या खर्चाचं पान तुम्ही तिला समजावा. मग विचारा, ते दोन संच बंद झाल्यावर तिथले कंत्राटी कामगार कुठे गेले? नावं तुम्हाला ठाऊक असतील. तिला त्यांच्या घरी घेऊन जा.