शेतातला नांगर आणि गलबताचा नांगर

प्रश्न असा आहे की, जमीन कसण्याचा नांगर आणि जहाज थांबवण्याचा नांगर हा मुळात एकच शब्द आहे काय. प्रश्नकर्त्यांना लहानपणी असे सांगण्यात आले होते की, जहाजाचा नांगर फाळासारखा समुद्राच्या तळात रुततो, म्हणून दर्यावर्दी लोकांनी शेतकऱ्याच्या अवजाराचे नाव त्याला दिले.

हे स्पष्टीकरण पटण्यासारखे असले तरी ते बरोबर नाही. हे दोन निरनिराळे शब्द आहेत, दोन निरनिराळ्या वाटांनी ते मराठीत आले आणि इथे येऊन एकरूप झाले.

शेतातल्या नांगराची वंशावळ सरळ आहे. संस्कृतात त्याला 'लाङ्गल' म्हणतात आणि हा शब्द थेट ऋग्वेदात सापडतो. चौथ्या मंडलातील ५७ व्या सूक्तात 'शुनं कृषतु लाङ्गलम्', म्हणजे नांगर सुखाने जमीन कसो, अशी प्रार्थना आहे. पालीत त्याचे 'नङ्गल' झाले. आरंभीच्या 'ल'चा 'न' होणे ही काही एकट्या या शब्दाची गोष्ट नव्हे, कारण 'ललाट' या शब्दापासून आपला 'निढळ' असाच तयार झाला आहे आणि 'निढळाचा घाम' म्हणताना आपण तोच 'न' उच्चारतो. शेवटच्या 'ल'चा 'र' झाला की 'नांगर' सिद्ध होतो. 'लाङ्गल' हा संस्कृतनेही उसना घेतलेला शब्द असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे, कारण कंबोडियाच्या ख्मेर भाषेतील 'अंगकाल' आणि मलय भाषेतील 'तेंगाला' ही नांगराची नावे त्याच्याशी नाते सांगतात. तसे असेल तर भाताची शेती करणाऱ्या पूर्वेकडच्या लोकांकडून हा शब्द वेदकाळातच आपल्याकडे आला, असे म्हणावे लागेल.

गलबताच्या नांगराचे मूळ फारसीत आहे. तिथे 'लंगर' म्हणजे जहाज एका जागी धरून ठेवणारे वजन. अरबी समुद्रातील व्यापारामुळे नौकानयनाची कितीतरी फारसी नावे आपल्या किनाऱ्यावर रुळली. 'बंदर' हा शब्द फारसीच आहे आणि कोळ्यांचा 'नाखवा' म्हणजे फारसीतला 'नाखुदा', अर्थात नावेचा धनी. 'लंगर' त्यांच्याच सोबतीने आला. वस्तू मात्र इथे आधीपासूनच होती. द्वारकेजवळच्या समुद्रात भोके पाडलेले दगडी नांगर मोठ्या संख्येने मिळाले आहेत, त्यामुळे नाव परके म्हणून वस्तूही परकी, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

आता 'लंगर'चा 'नांगर' कसा झाला, हा या चर्चेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. शेजारच्या भाषांकडे पाहिले की बरेच उलगडते. गुजरातीत शेतीचे अवजार 'हळ' आणि जहाजाचे 'लंगर', हिंदीत 'हल' आणि 'लंगर', त्यामुळे तिथे गोंधळाला जागाच नाही. बंगालीत तर गंमत अशी की, शेतातल्या 'लाङल'ने आपला 'ल' राखला आणि जहाजाच्या 'लंगर'चा मात्र 'नोङर' झाला. तमिळमध्येही जहाजाचा नांगर 'नङ्कूरम्' आहे. म्हणजे 'लंगर'मधला 'ल' शेतीच्या शब्दाची मदत नसतानाही 'न'कडे झुकू शकतो आणि केवळ त्या 'न'वरून शेतातल्या नांगराने दर्यावरच्या शब्दाला आपल्याकडे ओढले, असे म्हणता येत नाही. माझ्या मते खरा पुरावा त्यापुढच्या स्वरात आहे. 'लंगर'मधला 'अ' ऱ्हस्व असताना मराठीत 'नंगर' न होता 'नांगर' असा दीर्घ स्वर आला, तो मात्र रोजच्या बोलण्यातल्या शेतीच्या शब्दाचा साचा तयार होता म्हणूनच. कानाला अनोळखी शब्द आला की जीभ त्याला ओळखीच्या शब्दाच्या रूपात बसवते. किनाऱ्यावर तर शेती आणि मासेमारी शेजारी शेजारी चालते. हर्णै बंदरात आजही होड्या जरा दूर पाण्यात नांगरलेल्या असतात आणि त्यांतली मासळी काठावर आणायला बैलगाड्या लाटांत उतरतात. तिथे उभे राहून पाहिले तेव्हा पोटापर्यंत भिजलेले बैल आणि त्यांच्यापलीकडे चिखलाने माखलेला चार आकड्यांचा लोखंडी नांगर होडीत ओढून घेणारे खलाशी एकाच दृष्टिक्षेपात दिसले होते.

लहानपणी ऐकलेले स्पष्टीकरण मनाला पटते, ते रुतण्याच्या साम्यामुळे. हे साम्य खोटे नाही. जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये खरोखरच फाळाच्या आकाराचा जहाजी नांगर तयार केला होता. परंतु काम पाहिले तर दोन्ही नांगर एकमेकांच्या अगदी उलट आहेत. शेतातला नांगर रुतून पुढे चालला पाहिजे, तर जहाजाचा नांगर रुतून जागच्या जागी राहिला पाहिजे, आणि तो तळ उकरत सरकू लागला तर ते धोक्याचे असते. म्हणूनच 'शेत नांगरले' आणि 'गलबत नांगरले' या वाक्यांत क्रियापदाचे रूप एक असूनही पहिल्यात हालचाल आहे आणि दुसऱ्यात विसावा. 'नांगरणी' आणि 'नांगरट' ही नामे शेतीपुरतीच राहिली, जहाजाच्या बाबतीत ती कोणी वापरत नाही. उलट 'नांगर टाकणे' आणि 'नांगर उचलणे' हे प्रयोग दर्यावरचे आहेत.

या कारणांमुळे कोशात या दोघांच्या नोंदी स्वतंत्र असाव्यात, एकाच नोंदीखाली पहिला आणि दुसरा अर्थ असे ते देऊ नयेत, असे मला आग्रहाने वाटते.

फारसी 'लंगर' मराठीत मूळ रूपातही टिकला आहे. सूफींच्या खानकाहांत आणि पुढे शिखांच्या गुरुद्वारांत सर्वांसाठी चालणाऱ्या अन्नछत्राला 'लंगर' म्हणतात आणि नांदेडमुळे तो अर्थ महाराष्ट्राला चांगला परिचित आहे. शिवाय जहाजाच्या नांगरावरून जड साखळीलाही 'लंगर' म्हणू लागले. खंडोबाच्या जत्रेत लोखंडी साखळी हिसका देऊन तोडतात, त्या विधीला 'लंगर तोडणे' म्हणतात, तो हाच शब्द.