‘बारा दिवस काय करत होतात?’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पत्ता बदलापूरचा असो, डोंबिवलीचा, विरारचा की पनवेलचा, चोरी आणि सुरक्षिततेबाबतचा घोळ तोच. कोणाला आकडा हवा असतो, कोणाला हमी हवी असते, आणि तक्रार द्यायला बहुतेकांनी आठवडा घालवलेला असतो. फौजदारी वकिली करताना जे रोज ऐकतो तेच पत्रांतूनही येतं, म्हणून काही उत्तरं एकदाच देऊन टाकतो. कागद बघितल्याशिवाय कोणाच्याही प्रकरणात ठाम बोलू नये. मीही बोलत नाही.

वकीलसाहेब, दादरची भाड्याची खोली सोडून बदलापूरला फ्लॅट घेतोय. एजंट म्हणतो, ‘इथे क्राइम झिरो.’ एका संकेतस्थळाने मात्र शहराला सुरक्षिततेचे फारच कमी गुण दिलेत. खरं काय मानायचं?

दोन्ही बाजूला ठेवा. शून्य गुन्ह्यांचं शहर फक्त फ्लॅट विकताना असतं. आणि संकेतस्थळांवरचे गुण बहुधा ‘रात्री एकटं फिरायला भीती वाटते का’ असं लोकांना विचारून काढलेले असतात. पोलिसांच्या नोंदींशी त्यांचा काही संबंध नाही.

सरकारी आकडा एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, वार्षिक अहवालात मिळतो, पण त्यातले शहरवार तक्ते २० लाखांवरच्या महानगरांचे आहेत. बदलापूर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं. म्हणजे आयुक्तालयाचा आकडा काढलात तर त्यात भिवंडी, उल्हासनगर, कल्याण सगळंच मिसळलेलं. गुन्ह्यांचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे. २०११ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आत होती. त्यानंतर तिथे किती टॉवर उभे राहिले ते गाडीच्या खिडकीतूनही दिसतं. भागायचं ते जुन्या आकड्याने, नाहीतर अंदाजाने. वर ‘नोंदवलेले’ हा शब्द आहेच. जिथे पोलीस तक्रारी नीट घेतात, तिथला आकडा वाढलेला दिसतो. याचा अर्थ तिथे चोर जास्त झाले असा होत नाही.

खरंच जाणून घ्यायचं असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. बदलापूर पूर्व आणि पश्चिम, दोन्ही पोलीस ठाण्यांची गेल्या तीन वर्षांतली घरफोडी, वाहनचोरी आणि सोनसाखळीची नोंद मागा. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. तोवर एकदा रात्री साडेदहाला लोकलने उतरून स्टेशनपासून इमारतीपर्यंत पायी चालत जा. दिवे कुठे संपतात, शेवटचं उघडं मेडिकल कुठलं, रिक्षा मिळते का, ते बघा. आणि टोकन देण्याआधी महारेराची नोंदणी व जमिनीचे कागद वकिलाला दाखवा. माझ्या टेबलावर तुटलेल्या सोनसाखळ्यांपेक्षा बुडालेल्या टोकनांची प्रकरणं जास्त येतात.

पोलिसांना बोलावायचं तर १०० की ११२?

११२.

ठाण्याहून डोंबिवलीला येताना लोकलच्या गर्दीत खिशातला मोबाइल मारला. घराजवळच्या पोलीस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ म्हणाले. मग ऑनलाइन ‘गहाळ’ची नोंद केली. बारा दिवस झाले, काहीच हालचाल नाही.

होणारही नाही. गहाळ म्हणजे फोन तुमच्या हातून कुठेतरी राहिला, चोर कोणी नाहीच. मग पोलिसांनी तपास कोणाचा करायचा? दर महिन्याला अशी पत्रं येतात. फोन चोरीला गेलाय हे स्वतःला पक्कं माहीत असतं, पण रांग नको, ठाणे अंमलदाराचे प्रश्न नकोत, नवीन सिमसाठी कागद मिळाला की झालं. तुमची चोरी त्यामुळे कुठल्याच आकड्यात आली नाही. उद्या हाच आकडा दाखवून एजंट ‘क्राइम झिरो’ म्हणणार, आणि त्याला तुम्हीच हातभार लावलात.

आता हद्दीचं. लोकलमध्ये किंवा फलाटावर चोरी झाली तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांचं. आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) हे वेगळं दल आहे, तिथे एफआयआर होत नाही. पण चुकून दुसऱ्या पोलीस ठाण्यात गेलात म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात असा, कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंद नाकारली तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज, आयुक्तालयाच्या हद्दीत तो पोलीस उपायुक्तांकडे. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलंय.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठेवली आहे. म्हणजे एनसी, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. म्हणून बिल सोबत न्या आणि किंमत खरी लिहा. फुगवलीत तर तीच पुढे तुमच्या अंगाशी येईल.

पोलिसांना काही गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, आणि चोरी त्यात बसते. पण ती मुदत त्यांच्या चौकशीसाठी आहे, तुमच्या विचारासाठी नाही. आरोपीच्या बाजूने उभा राहतो तेव्हा मी फिर्यादीला पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘एवढे दिवस काय करत होतात?’ बहुतेकांची तिथेच त-त-प-प होते.

आता आजच लोहमार्ग पोलीस ठाण्यात जा. फोन कुठल्या दोन स्टेशनांमध्ये गेला, गाडी किती वाजताची, डबा कुठला, हे लिहा. उशीर का झाला तेही लिहा आणि ‘गहाळ’च्या नोंदीची प्रत जोडा. खोक्यावरचा आयएमईआय नंबर द्या. पोलिसांचा कागद हातात आला की सीईआयआर या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो. सिम आणि यूपीआय तुम्ही पहिल्या तासातच बंद केलं असेल असं धरून चालतो. केलं नसेल तर हे वाचायचं थांबवून आधी ते करा. अर्ज देण्याआधी वकिलाच्या नजरेखालून घाला. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आमच्या सोसायटीला एका विक्रेत्याने सोळा कॅमेरे घ्या, चोरी होणारच नाही, असं सांगितलंय. घ्यावेत का?

घ्या, पण ‘होणारच नाही’ हे त्याच्याकडून लेटरहेडवर लिहून मागा. परत फिरकणार नाही. कॅमेरा चोराला धरत नाही, नंतर पुरावा देतो, तोही रेकॉर्डिंग टिकलं तर. हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावर नवं लिहितो. चोरी शनिवारी, कमिटीची मीटिंग पुढच्या रविवारी, तोवर फुटेज उडालेलं, असं होतं. सोळापैकी किती कॅमेरे चालू आहेत हे दर आठवड्याला बघायला माणूस नेमा. घटना घडली की फुटेज लगेच वेगळं काढा. न्यायालयात फुटेजची प्रत देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते आधीच वकिलाकडून समजून घ्या. आणि वॉचमन देणाऱ्या एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना आहे का, तो स्वतः बघा.

मुलं पळवणारी टोळी डोंबिवलीत फिरतेय असा मेसेज ग्रुपवर आलाय. आम्ही बिल्डिंगमधले रात्री काठ्या घेऊन पहारा देतोय.

काठ्या आत ठेवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला अशाच अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी भटक्या जमातीची माणसं होती ती. पालघरमधल्या गडचिंचल्यात १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असे तिघे जमावाच्या हातून मारले गेले. जमावात ‘मी फक्त उभा होतो’ म्हणणाऱ्यांचे जामीनअर्ज लढवताना घरच्यांचे दागिने विकले जातात. मेसेज पुढे पाठवू नका, संशय आला तर ११२ लावा. पहारा द्यायचाच असेल तर आधी पोलीस ठाण्यात जाऊन वरिष्ठ निरीक्षकांशी बोला आणि ते सांगतील तेवढंच करा.

आईला व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय, पैसे भरा म्हणताहेत. ती घाबरून दार उघडत नाही.

अशी अटक कायद्यात नाही. शेजाऱ्यांना बोलवा, कॉल तोडायला लावा. पैसे गेले असतील तर याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर कळवा. नंतर बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि ती पोच घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा. उद्या नाही, आजच.