गोष्ट वाचताना पात्राच्या मनात शिरायचं कसं

तू विचारलंस की गोष्ट समजती पण तो माणूस असा का वागला तेच कळत नाही, तर आधी एक कर, तो काय बोलतो ते थोडं बाजूला ठेव अन् हातानं काय करतो तिकडं बघ. समज गोष्टीत एक बाप हाय, बैल बाजारात विकून आलाय, बायकोला म्हणतो बरं झालं, कडब्याचा खर्च वाचला, अन् पोळ्याच्या सकाळी रिकाम्या गोठ्यात जाऊन दावं धुऊन खुंटीला टांगतो. लेखक कुठंच लिहिणार नाही की त्याला वाईट वाटलं, ते दाव्यात हाय. मग विचार की ह्याला पाहिजे काय, भ्या कशाचं वाटतं, अन् बायकोपुढं खोटं कामून बोलला, लाज का कर्ज? उत्तर एकच निघंल असं नाही, पण जे म्हणशील त्याला गोष्टीतली एखादी ओळ दाखवता आली पाहिजे, नुसतं मला वाटतं चालत नाही.

अलंकारिक भाषेसाठी आपल्या पैठणच्या नाथांची भारुडं ऐक, खरंच लई शिकायला मिळतं. त्यातला विंचू म्हणजे काम-क्रोध, पण आधी खरा विंचू चावल्यावर कसा घाम फुटतो, आग होती ते डोळ्यापुढं आण, मगच राग अंगात कसा चढतो ते कळतं. गाईडमधला अर्थ पाठ करू नको, परीक्षेपुरता ठीक हाय. अन् प्रत्येक गोष्टीत प्रतीक शोधत बसू नको, कधीकधी पाऊस म्हणजे पाऊसच असतो, पण तीच वस्तू परत परत आली की थांब अन् मागची पानं चाळ.