सात किलोमीटरच्या ऑफिससाठी डिझेल?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी घ्यायची आहे, पेट्रोल की डिझेल ते ठरत नाही. ऑफिस सात किलोमीटरवर, मुलांना शाळेत-क्लासला सोडणं-आणणं, महिन्याला पाचशे किलोमीटर. शिवाय वर्षातून तीन-चारदा लांबचा प्रवास, त्याचे दोनेक हजार किलोमीटर. मित्र म्हणतो डिझेलच घे, अ‍ॅव्हरेज जबरदस्त. माझ्या मते तुम्ही पेट्रोल घ्या. मी आठ वर्षं डिझेल चालवली आहे, त्यातली शेवटची तीन पस्तावत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. पेट्रोल गाडी लिटरला 15 आणि तीच डिझेलमध्ये 20 देते असं धरू. वर्षाच्या 8,000 किलोमीटरला पेट्रोल लागेल 533 लिटर, डिझेल 400. बचत 133 लिटर. आता डिझेल मॉडेल जितकं महाग आहे, त्या रकमेत किती लिटर इंधन येईल ते बघा. समजा 1,000 लिटर आलं, तर तो फरक भरून निघायला साडेसात वर्षं! यात दोन्हींचा दर सारखा धरलाय. तुमच्या पंपावरचे दर घालून पुन्हा करा. लांबच्या प्रवासाचं म्हणाल, तर त्या दोन हजार किलोमीटरला फरक पडतो फक्त 33 लिटरचा.

पण हिशेब बाजूला ठेवला तरी मी नकोच म्हणेन, कारण अडचण वर्षाच्या किलोमीटरची नाही, एका फेरीच्या लांबीची आहे. डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं. म्हणून ते अ‍ॅव्हरेज देतं आणि म्हणूनच तापायलाही वेळ लावतं. सात किलोमीटरमध्ये, त्यातही सिग्नलला थांबत, ते धड तापतच नाही. हल्लीच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळून टाकायला साधारण 550 ते 600 अंश तापमान लागतं. हायवेवर बरीचशी काजळी आपोआप जळत राहते. शहरात मात्र गाडी जादा डिझेल फवारून ते तापमान गाठू बघते आणि त्यासाठी तिला सलग पंधरा-वीस मिनिटं पळायला हवं असतं. तेवढ्यात तुम्ही ऑफिसला पोचून इंजिन बंद करता. काम अर्धवट. संध्याकाळी पुन्हा तेच.

बऱ्याच गाड्यांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा फवारलं जातं. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. माझ्या गाडीत डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर चढलेली दिसायची आणि मी खूश, गाडी ऑइल खात नाही म्हणून! मेकॅनिकने ते बोटावर घेऊन माझ्या नाकाशी धरलं तेव्हा डिझेलचा वास आला. नंतर डॅशबोर्डवर दिवा लागला, गाडीची ताकद गेली आणि फिल्टरमधली काजळी गॅरेजमध्ये जबरदस्तीने जाळून घ्यावी लागली. एकदा नाही, तीनदा. ईजीआर व्हॉल्व्हही (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने चोंदला होता, ते वेगळंच.

डिझेल वाईट असं मुळीच नाही. 1,500-2,000 आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच, जो जोर मिळतो, त्याची मजा पेट्रोलला नाही. पाच माणसं, सामान आणि घाट असला की पेट्रोलला गिअर पाडावा लागतो, डिझेल मुकाट्याने चढते. रोज साठ-सत्तर किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्याला मी डोळे मिटून डिझेल सांगेन. तुमच्या मित्राची रोजची फेरी किती लांब आहे, विचारा एकदा.

थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्या पेट्रोललाही मानवत नाहीत, अ‍ॅव्हरेज पडतंच. म्हणून ऑइल किलोमीटर बघून नाही, मुदत बघून बदला. ट्रॅफिक फारच असेल आणि बजेट ताणता येत असेल तर हायब्रिडही (पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड असलेली) चालवून बघा. थांबत-थांबत जाण्यातच तिचा फायदा जास्त.

आणि जुनी डिझेल स्वस्तात मिळतेय म्हणून मोह झालाच, तर ‘खूप कमी फिरलेली’ या शब्दांवर भाळू नका. पाच वर्षांत वीस हजार किलोमीटर झालेली डिझेल म्हणजे बहुतेक तुमच्यासारख्याच फेऱ्या मारलेली. त्यापेक्षा हायवेवर लाखभर पळालेली, सर्व्हिसिंगच्या नोंदी असलेली गाडी मी आधी बघेन, आणि डिपस्टिकचा वास घेऊनच पुढे बोलेन.