बारावी सायन्सनंतर पुण्यात फूड टेक्नॉलॉजी करावं का? पुढे नोकरी कसली मिळते?

रसायनशास्त्र आवडत असेल तर जरूर करा. बी.टेक. चार वर्षांचं असतं. लोणी काळभोरला एमआयटीचं कॉलेज आहे. हा स्वयंपाकाचा कोर्स नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा! दूध ७२ अंशांवर १५ सेकंदच का तापवायचं, त्यात कोणते जंतू मरतात, कोणते तगतात, तेवढ्यात चव कशी टिकते, हे इथे शिकता. मला तरी यापेक्षा उपयोगी विद्या दिसत नाही.

सुरुवात बहुधा क्वालिटी किंवा प्रॉडक्शनमध्ये होते: डेअरी, बेकरी, मसाले. रात्रपाळीची तयारी ठेवा. नवीन पदार्थ तयार करायचे असतील तर एम.टेक. करा किंवा म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेतून एम.एस्सी. सरकारी नोकरी हवी असेल तर अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी ही पदवी चालते.