निजामकाळातल्या पणजोबांची नोंद आजच्या जिल्ह्यात शोधू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसलो. मुलीला शाळेत 'मला माझ्या देशाचा अभिमान का वाटतो' यावर बोलायचंय. बाकीची मुलं चांद्रयान आणि क्रिकेटवर बोलणार, हिला पणजोबांबद्दल बोलायचंय. पणजोबा उदगीर तालुक्यातले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात, म्हणजे निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्यात, तुरुंगात होते असं घरात सांगतात. पण तालुक्याच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या स्तंभावर नाव नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज केला तर 'अभिलेख आढळून येत नाही' एवढंच उत्तर आलं. त्यावर भाऊबंद म्हणतात, खरंच काही केलं असतं तर पेन्शन मिळाली नसती का!

'अभिलेख आढळून येत नाही' हीच ओळ आमच्या घरीही आली होती. आम्ही निलंगा तालुक्यातले. वंशावळ, मृत्यूचा दाखला, अर्जाचा नमुना वगैरे तुम्ही केलेलंच दिसतंय, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. सरळ मुद्द्यावर येतो.

1948 साली लातूर जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आपले तीन तालुके त्या काळी उस्मानाबादेतही नव्हते, ते बिदर जिल्ह्यात होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बिदर म्हैसूर राज्यात गेला आणि हे तालुके इकडे आले. माणसं, जमिनी इकडे आल्या, पण पोलिसांचे आणि तुरुंगाचे जुने कागद सगळे मागोमाग आले असं धरून चालू नका. तुमच्या पणजोबांना पकडलं असेल तर खटला बिदरच्या बाजूला चालला असणार, आणि शिक्षा मोठी असेल तर रवानगी गुलबर्ग्याच्या तुरुंगात झाली असण्याचा संभव आहे. हेच किनवट-राजुऱ्याच्या लोकांना लागू आहे, ते तेव्हा आदिलाबादेत होते. जालना औरंगाबादेत आणि हिंगोली परभणीत होतं, म्हणजे त्यांचं निदान राज्य तरी बदललेलं नाही.

आता जिल्ह्याच्या त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. आमच्या अर्जाला उत्तर यायला खूप काळ गेला, आणि उत्तर आलं ते तुम्हाला आलंय तसंच, एका ओळीचं. कुठं शोधलं, कोणत्या वर्षांच्या नोंदवह्या पाहिल्या, कोणी पाहिल्या, काही नाही. वडिलांनी ते खरं मानलं. सरकारी कागदावर सही-शिक्क्यानिशी आलेली गोष्ट त्यांच्या पिढीला खोटी वाटत नाही. नंतर माहितीच्या अधिकारात विचारल्यावर कळलं की ज्या याद्या चाळल्या त्या मुळात स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी तयार झालेल्या, आणि फक्त आजच्या जिल्ह्यापुरत्या. 'आमच्याकडे त्या काळचे कागद नाहीत, तुम्ही बिदर आणि हैदराबादला विचारा' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी पुरे होतं. ते वाक्य न लिहिल्यामुळे मधली वर्षं गेली, आणि त्या वर्षांत आजोबांसोबत तुरुंगात असलेले शेजारच्या गावचे एकमेव हयात गृहस्थ वारले. आजोबांबद्दल सांगू शकणारं शेवटचं माणूस गेलं. कागद काय, आज ना उद्या सापडतो. ते गृहस्थ आता सापडणार नाहीत. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

म्हणून सगळ्यात आधी माणसं गाठा. पंचक्रोशीत नव्वदीच्या पुढचं कोणी असेल तर या रविवारीच जा, मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. 'तुम्ही काय पराक्रम केला' असं विचारू नका, लाजून गप्प बसतात. लढ्याच्या कोणत्या कॅम्पवर होतात, भाकरी कुठून यायची, करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका कोणी जाळला, शिंदीची झाडं कुठली तोडली, असं विचारा. बायकांनाही विचारा. निरोप पोचवणं, हत्यारं लपवणं, रात्री-अपरात्री आलेल्यांना जेवू घालणं यात बायका होत्या आणि त्यांची नोंद फारच कमी आहे. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळक्यांसारखं एखादंच नाव पुढं आलं.

मग कागद. इथं बहुतेक लोक अडकतात ते तारखेवर. निजामाच्या कारभारात फसली साल, म्हणजे महसुलासाठीची वेगळी कालगणना, चालायची. फसली आकड्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो, पण वर्ष सुरू व्हायचं ऑक्टोबरात. म्हणजे 1357 फसली हे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948, आपल्या कामाचं नेमकं तेच वर्ष. महिनेही आजूर, दै, बहमन असे. तुम्ही 'मार्च 1948' असं लिहून अर्ज दिलात आणि समोरच्याला फसलीचा गंध नसेल तर त्याला काहीही सापडणार नाही. अर्जात दोन्ही सालं लिहा.

दुसरं, भाषा. कागद उर्दूत. आडनाव बहुतेक नसतंच. नाव, 'वल्द' म्हणून वडिलांचं नाव, 'साकिन' म्हणून गाव, एवढ्यावर ओळख पटवायची. म्हणून पणजोबांच्या वडिलांचं घरात हाक मारायचं नावसुद्धा माहीत हवं. वाचायला उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर शोधा, आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतील. आमचे कागद ज्यांनी वाचून दिले त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट प्रत्येक ओळ दोनदा तपासून दिली. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून निजामकालीन दप्तरं पुन्हा उघडली गेली आहेत आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना विचारणा वाढली आहे, त्याचा फायदा घ्या.

हैदराबादला तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे, आसफजाही म्हणजे निजामांच्या काळाचे कागद तिथं आहेत. शक्य असेल तर स्वतः जा, पत्रावर विसंबू नका. गावच्या दप्तरावर मात्र फार आशा ठेवू नका. पाटील-पटवाऱ्यांची दप्तरं जाळणं हा त्या लढ्याचाच एक कार्यक्रम होता. कदाचित तुमच्या पणजोबांनीच ती जाळली असतील!

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करताना 'माझ्या पणजोबांची नोंद द्या' असं लिहू नका, त्याला परत तीच ओळ येईल. कोणत्या नोंदवह्या तपासल्या त्यांची यादी आणि त्यातली वर्षं मागा, 1956 पूर्वीचं दप्तर कुठं वर्ग केलं त्याचा पत्रव्यवहार मागा. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज तिकडं पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मात्र हे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सहसा होत नाही, म्हणून बिदरला वेगळाच अर्ज टाका. मी वकील नाही, अनुभवावरून सांगतोय. नियम एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

भाऊबंदांच्या पेन्शनच्या टोमण्याबद्दल. केंद्राची योजना 1972 ची, आणि तुरुंगवासाच्या आधारावर मागायची तर साधारण सहा महिन्यांची अट. चार महिने आत काढलेला माणूस त्यात बसतच नव्हता. कित्येकांनी तर अर्जच केला नाही, देशासाठी केलेल्याचे पैसे घ्यायचे नाहीत म्हणून. आमचे आजोबा त्यातलेच. उलट बाजूही सांगितली पाहिजे. बीड जिल्ह्यातलं बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, चौकशीला पालकर आयोग बसला. खोटे दाखले जोडून ज्यांनी पेन्शनी उचलल्या त्यांच्यामुळे आज खऱ्या माणसाच्या नातवाकडेही संशयानं बघतात. म्हणजे पेन्शन मिळाली म्हणून कोणी लढला असं सिद्ध होत नाही आणि नाही मिळाली म्हणून घरी बसला असंही नाही. पेन्शन हा विषयच डोक्यातून काढा, तुम्हाला ती मागायचीही नाही.

मुलीच्या भाषणाबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. पणजोबांनी जेवढं केलं तेवढंच तिनं सांगावं. आमच्या आजोबांची नोंद अखेर सापडली, त्यात गावात तिरंगा लावल्याबद्दल पकडलं एवढंच आहे. घरात मात्र गोष्ट वाढत वाढत बंदुकीपर्यंत गेली होती. मला तो तिरंगाच मोठा वाटतो. 15 ऑगस्ट 1947 ला सगळा देश झेंडे लावत होता आणि आपल्या गावात तो लावणं गुन्हा होता. त्याच दिवशी हैदराबादेत लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं 17 सप्टेंबर 1948 ला, तेरा महिने उशिरा. वर्गातल्या मुंबई-पुण्याच्या मुलांना हे माहीतच नसतं, तिनं तिथूनच सुरुवात करावी.

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेचंही तिला सांगा. 30 जानेवारी 1948 ला, गांधीजी गेले त्याच दिवशी, कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली. लाखोंची रक्कम हातात आली, ती लढ्यासाठी खर्च झाली आणि तिचा हिशेब ठेवून नंतर तो सादर केला. फाटक्या कपड्यातली माणसं होती ती. देशाचा अभिमान म्हणून मला विचाराल तर मी हा हिशेब दाखवीन.

आणि एक, थोडं विषय सोडून होईल पण लिहितोच. ही गोष्ट हिंदू-मुसलमान अशी करून सांगू देऊ नका. रझाकारांविरुद्ध, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेविरुद्ध, लिहिणारे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत रझाकारांनीच मारलं. आणि सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्यानं केलेल्या पोलीस कारवाईनंतर आपल्या भागातल्या मुसलमानांवर जे बेतलं ते भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय. दोन्ही ठाऊक असलेल्या मुलीला अभिमान वाटला तर तो टिकेल, अर्धंच ठाऊक असेल तर कॉलेजात गेल्यावर कोणीतरी एका प्रश्नात तो मोडून टाकेल.

स्तंभावर नाव घालण्याचं मात्र मला जमलेलं नाही, त्याचा रस्ता ज्यांना माहीत असेल त्यांनी खाली लिहावं. ताई, पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि घरातल्या आठवणीप्रमाणे पकडले गेले तो हंगाम, पेरणीचा की सुगीचा, एवढं मला व्यक्तिगत निरोपात कळवा. हंगामावरून फसली महिना काढता येतो. बिदरच्या अर्जाचा मसुदा मी तुम्हाला करून पाठवतो.